गच्चीवरचं सोलर डीटीसीच्या (वितरण ट्रान्सफॉर्मरच्या) मॉडेलमध्ये कसं बसवायचं: ठाणे–नवी मुंबईसाठी टप्प्याटप्प्याने

लोड फ्लो (जाळ्यातल्या व्होल्टेज-करंटचा संगणकी हिशेब) चालतो, सगळ्या बसचं म्हणजे जोडबिंदूंचं व्होल्टेज मर्यादेत दिसतं, अहवाल जातो. आणि जानेवारीच्या दुपारी त्याच गल्लीतले इन्व्हर्टर जास्त व्होल्टेजमुळे बंद पडायला लागतात. असं झालं की बहुतेक जण पॅनेलच्या समीकरणात चूक शोधतात, पण चूक तिथे क्वचितच असते. ती असते घड्याळात, नेट मीटरच्या हिशेबात, फेजच्या वाटणीत आणि ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरच्या ४३३ या आकड्यात. म्हणून या लेखात पॅनेलला थोडी जागा दिली आहे आणि या चार गोष्टींना जास्त.

हा अभ्यास आता का टाळता येत नाही, तेही पाहा. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नियमांत एका वितरण ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत सोलर जोडता येत होतं. २०१९ च्या नियमांनी ती मर्यादा ७० टक्के केली आणि सविस्तर अभ्यास करून त्यापुढे जाण्याची वाटही ठेवली. २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासताच मंजूर धरला जातो. प्रत्येक छोटा अर्ज एकटा निर्धोक असतो. बेरीज कोणीतरी करायला हवी.

उदाहरणांत सगळीकडे २२ केव्ही/४३३ व्होल्ट, ६३० केव्हीएचा डीटीसी धरला आहे. ठाणे, वाशी पट्ट्यात महावितरणच्या वाहिन्या बहुतांशी २२ केव्हीच्या आहेत. दुसरीकडचं ११ केव्हीचं तयार मॉडेल उचलून आणलं, तर पहिली चूक तिथेच होते.

## १. प्रश्न आधी कागदावर लिहा

तीन वेगळे प्रश्न असतात आणि तिघांना वेगळी आकडेवारी लागते.

व्होल्टेज मर्यादा ओलांडतं का, याला सर्वांत वाईट दिवसाचे १५ मिनिटांचे किंवा त्याहून बारीक आकडे लागतात. वर्षभराच्या वीजगळतीवर काय परिणाम होतो, याला तासाचे आकडे पुरतात, पण वर्ष पूर्ण हवं. ट्रान्सफॉर्मर किंवा केबल उलट्या प्रवाहाने तापते का, याला सगळ्यांत कमी लोड आणि सगळ्यांत जास्त ऊन एकत्र येतं तो तास लागतो.

इशारा: हवामानाचं 'सरासरी वर्ष' दुसऱ्या प्रश्नाला चालतं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला ते वापरू नका; त्यात टोकाचे दिवस घासून गुळगुळीत झालेले असतात.

## २. कागदपत्रं आणि फील्डवरची माहिती

संगणक उघडण्याआधी एवढं हातात हवं:

- डीटीसीच्या पाटीचा फोटो: केव्हीए, व्होल्टेज, टक्के इम्पिडन्स, टॅपची (व्होल्टेज वर-खाली करायच्या घाटांची) संख्या. आत्ता टॅप कितव्या घाटावर आहे हे वेगळं टिपा. ते पाटीवर नसतं.
- प्रत्येक एलटी (कमी दाबाच्या) सर्किटच्या केबलचा आकार, लांबी, फीडर पिलर आणि मिनीपिलर या वाटणीच्या पेट्यांची जागा.
- डीटीसी मीटरचा किमान एक वर्षाचा लोड सर्व्हे (ठरावीक खंडांची नोंद), सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) रेशो आणि एमएफसह (मीटरच्या आकड्याला लावायचा गुणक).
- जोडलेल्या प्रत्येक सोलरचा डीसी किलोवॅट आणि इन्व्हर्टरचा एसी किलोवॅट वेगवेगळा, फेज, आणि सुरू झाल्याची तारीख.
- गच्चीवर पॅनेल कसे बसवलेत: उंच सांगाड्यावर की पत्र्याच्या शेडवर.

शेवटच्या मुद्द्यावर थांबायला हवं. ठाण्यात जुन्या सोसायट्यांनी गळतीपायी गच्चीवर पत्र्याची शेड टाकलेली असते आणि पॅनेल त्या पत्र्यालाच चिकटवून बसवतात. मग पॅनेलची दिशा आणि उतार शेडचे असतात, कागदावरचे 'दक्षिण, १५ अंश' नव्हेत. शेडचा उतार पूर्व–पश्चिम असेल तर आलेख रुंद आणि बुटका येतो, दुपारचं टोक कमी होतं. म्हणजे व्होल्टेजच्या दृष्टीने ती गच्ची सोयीची. उपग्रह चित्रात शेड आणि उंच सांगाडा यांतला फरक कळत नाही. गच्चीवर जा किंवा सोसायटीकडून फोटो मागवा. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, शेजारचा टॉवर यांची सावली कोणत्या तासाला पडते तेही त्याच फेरीत टिपा.

फेजची माहिती सगळ्यांत कठीण. मीटर रूममधल्या लाल-पिवळ्या-निळ्या खुणांवर विसंबू नका. केबल फॉल्ट काढताना जोडण्या अदलाबदल झालेल्या असतात आणि खुणा जुन्याच राहतात. भरवशाची पद्धत म्हणजे घरगुती मीटरची व्होल्टेज नोंद डीटीसी मीटरच्या तिन्ही फेजच्या नोंदीशेजारी ठेवणं. आठवडाभराच्या नोंदीत कोणत्या फेजबरोबर चढउतार जुळतात ते बहुधा स्पष्ट दिसतं.

इशारा: फीडर पिलर किंवा डीटीसीची पेटी स्वतः उघडू नका. मोजमाप जनमित्राकडून (महावितरणच्या लाइन कर्मचाऱ्याकडून) किंवा परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

तपासणी: ६३० केव्हीएला ४३३ व्होल्टवर पूर्ण भाराचा करंट साधारण ८४० अँपिअर येतो. लोड सर्व्हेतून काढलेला कमाल करंट १६८ दिसत असेल, किंवा ४,२०० दिसत असेल, तर एमएफ लावायचा राहिला आहे किंवा दोनदा लागला आहे.

## ३. जाळं उभं करा: ४३३, केबल, न्यूट्रल

ओपनडीएसएस हे या कामाला पुरेसं आणि फुकट उपलब्ध सॉफ्टवेअर. पायथॉनची सवय असेल तर पांडापॉवर घ्या. कोणतंही घ्या, पुढच्या तीन गोष्टी चुकल्या तर उत्तर चुकणारच.

४३३ म्हणजे काय ते लक्षात घ्या. वरच्या बाजूला नेमके २२ केव्ही असतील आणि टॅप मधल्या घाटावर असेल, तर भार नसताना खाली ४३३ व्होल्ट मिळतात. फेजला २५० व्होल्ट. २४० व्होल्टवर ६ टक्के धरले तर वरची सीमा २५४.४. म्हणजे सोलर जोडण्याआधीच चढायला उरतात फक्त ४.४ व्होल्ट. संध्याकाळी शेवटच्या घराला व्होल्टेज कमी मिळतं म्हणून टॅप एक घाट वर चढवलेला असेल, तर अडीच टक्के म्हणजे सहा व्होल्ट आणखी वाढले. मग दुपारी भार हलका असताना सोलर नसलं तरी सीमा ओलांडलेली असते. मॉडेलमध्ये खालची बाजू ४१५ किंवा ४०० लिहिली की हे सगळं गायब होतं आणि निकाल हिरवागार दिसतो. माझ्या मते ठाणे–नवी मुंबईच्या मॉडेलांत सर्वांत महाग पडणारी चूक हीच.

केबलचा रोध गरम अवस्थेत घ्या. इथे जमिनीखालची साडेतीन कोअरची ॲल्युमिनियम केबल असते; न्यूट्रल निम्म्या आकाराची. २० अंशावरचे डीसी रोध असे: ३०० चौमिमीला (चौरस मिलिमीटर) ०.१००, २४० ला ०.१२५, १८५ ला ०.१६४, १५० ला ०.२०६, ९५ ला ०.३२० ओहम प्रति किमी. कंडक्टर ७० अंशांवर असेल तर यांना १.२० ने गुणा.

न्यूट्रल खराखुरा चौथा कंडक्टर म्हणून दाखवा. का, ते एका हिशेबातून कळेल. कोपरखैरण्याच्या रो हाऊसच्या गल्लीसारखी एक गल्ली घ्या: १८५ चौमिमी केबल, २५० मीटर, शेवटच्या मिनीपिलरवर सोलर. फेजचा रोध ०.१९७ × ०.२५ = ०.०४९ ओहम. न्यूट्रल ९५ चौमिमी, त्याचा ०.३८४ × ०.२५ = ०.०९६ ओहम.

पहिली स्थिती: ६० किलोवॅट तिन्ही फेजवर समान. करंट सुमारे ८३ अँपिअर, न्यूट्रलमध्ये शून्य, फेजचं व्होल्टेज ४.१ व्होल्टने चढतं. वरच्या ४.४ पैकी जवळपास सगळी जागा संपली, पण सीमा राखली गेली.

दुसरी स्थिती: फक्त २० किलोवॅट, पण सगळे आर फेजवर (तीन फेज म्हणजे आर, वाय, बी). करंट तोच ८३ अँपिअर. आता तो न्यूट्रलमधून परत येतो. चढ होतो ८३ × (०.०४९ + ०.०९६), म्हणजे १२ व्होल्ट. त्याच वेळी वाय आणि बी फेजचं व्होल्टेज सुमारे चार व्होल्टने खाली येतं. एक तृतीयांश सोलर, तिप्पट चढ. म्हणून 'डीटीसीवर एकूण किती किलोवॅट' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

ओपनडीएसएसमध्ये घर जोडताना नोड १ आणि नोड ४ असे दोन्ही लिहावे लागतात. नुसता १ लिहिला तर दुसरं टोक आपोआप जमिनीला जातं, न्यूट्रलचा रोध हिशेबाबाहेर जातो आणि १२ व्होल्टांऐवजी ४ दिसतात. न्यूट्रल जमिनीला जोडायचा तो ट्रान्सफॉर्मरपाशीच, घराघरात नाही. पांडापॉवरमध्ये नेहमीचा लोड फ्लो तिन्ही फेज समान धरूनच चालतो. तीन फेजचा वेगळा आदेश वापरा आणि केबलचा शून्यक्रम (झीरो सीक्वेन्स) रोध 'फेज अधिक तीन गुणिले न्यूट्रल' असा द्या. वरच्या केबलला तो ०.१९७ + ३ × ०.३८४ = १.३५ ओहम प्रति किमी येतो.

तपासणी: पुढे जाण्याआधी वरची दुसरी स्थिती मॉडेलमध्ये चालवा. १२ व्होल्टच्या आसपास चढ आला नाही तर न्यूट्रल चुकला आहे. हे पाच मिनिटांचं काम पुढचे आठ दिवस वाचवतं.

## ४. ऊन आणि घड्याळ

प्रारण (पृष्ठभागावर पडणाऱ्या उन्हाची शक्ती) आणि तापमानाचे तासाचे आकडे पीव्हीजीआयएस, एनएसआरडीबी किंवा नासा पॉवर या ऑनलाइन संग्रहांवरून मिळतात. तिन्हींत वेळ कशी लिहिली आहे ते आधी वाचा.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ठाणे ७३ अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्य इथे सरासरी ३८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात वर्षभराचा चढउतार मिळवला की सौर माध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ ला आणि फेब्रुवारीच्या मध्यात १२.५२ ला येते. उत्पादनाचं टोक स्वच्छ दिवशी या वेळांतच दिसायला हवं.

चुका ओळखायच्या खुणा:

- टोक सकाळी सातच्या सुमारास: जागतिक वेळ तशीच वापरली गेली.
- टोक अर्धा तास अलीकडे: साडेपाचऐवजी पाच तास मिळवले.
- टोक वर्षभर बरोबर बारा वाजता: ती स्थानिक सौरवेळ आहे, प्रमाणवेळ नव्हे.
- टोक बरोबर पण सगळं एक खंड सरकलेलं: मीटर खंडाच्या शेवटाची वेळ लिहितं आणि हवामानाची फाइल सुरुवातीची, किंवा उलट.

अर्ध्या तासाची चूक किरकोळ वाटते, पण दुपारचं लोड त्या अर्ध्या तासात बदलत असतं. ऑफिसांची जेवणाची सुट्टी, पंप चालू होण्याची वेळ, सगळं घड्याळावर चालतं. सूर्याला त्याची पर्वा नाही.

तासाच्या आकड्यांवरून १५ मिनिटांचे काढताना प्रारण सरळ रेषेने जोडू नका. आधी स्वच्छ आकाशाचं प्रारण काढा, त्याच्याशी प्रत्यक्षाचं गुणोत्तर घ्या, ते गुणोत्तर जोडा आणि परत गुणा. पायथॉनमधल्या पीव्हीलिबमध्ये यासाठी लागणारं सगळं आहे.

आडव्या पृष्ठभागावरचं प्रारण थेट पॅनेलला लावणं ही आणखी एक नेहमीची चूक. हिवाळ्यात १५ अंश दक्षिणेला कललेल्या पॅनेलवर दुपारी आडव्यापेक्षा बरंच जास्त ऊन पडतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत मात्र इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि तो कल उलट तोट्याचा ठरतो.

## ५. उन्हापासून एसी किलोवॅटपर्यंत

क्रम असा: कललेल्या पृष्ठभागावरचं प्रारण, पॅनेलचं तापमान, धूळ, वायरिंग, इन्व्हर्टरची कार्यक्षमता, शेवटी इन्व्हर्टरची एसी मर्यादा.

१०० किलोवॅट पॅनेलचा एप्रिलमधल्या दुपारचा हिशेब. प्रारण ९५० वॅट प्रति चौरस मीटर (चौमी), हवा ३३ अंश. ४५ अंश एनओसीटीच्या (ठरावीक परिस्थितीत मोजलेल्या तापमानाच्या) पॅनेलचं तापमान हवेपेक्षा सुमारे ३० अंशांनी जास्त, म्हणजे ६३. अंशामागे ०.३५ टक्के घट धरली तर २५ च्या वरच्या ३८ अंशांना १३ टक्के गेले. ९५ चे राहिले ८२. धुळीचे ४, वायरिंगचे ३ आणि इन्व्हर्टरचे २.५ टक्के वजा केले की उरतात सुमारे ७५ किलोवॅट. पत्र्याला चिकटवलेल्या पॅनेलखाली हवा खेळत नाही. तिथे आणखी पाच-दहा अंश धरा.

म्हणून अर्जातला १०० किलोवॅट जसाच्या तसा उत्पादन म्हणून टाकू नका. तसंच १०० चे पॅनेल ८० किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर असतील तर ८० च्या वर मॉडेल जाताच कामा नये. वर्षातली कमाल शक्ती मे महिन्यात नाही, तर बहुधा फेब्रुवारी–मार्चमध्ये मिळते. ऊन भरपूर आणि हवा अजून तापायची असते.

धूळ वर्षभर सारखी धरू नका. पावसाळ्यानंतर पॅनेल धुतलेले असतात, नंतर डिसेंबर ते मे पाऊस नाही आणि आजूबाजूला बांधकामं चालू. ऑक्टोबरला एक-दोन टक्के आणि मेपर्यंत हळूहळू वाढत जाणारी घट धरा. सोसायटी दर पंधरा दिवसांनी पॅनेल धुत असेल तर ती वाढ थांबवा.

ओपनडीएसएसच्या पीव्ही घटकात दोन सापळे आहेत. प्रारण किलोवॅट प्रति चौमीमध्ये द्यायचं असतं. ८५० वॅट तसेच ८५० म्हणून दिले की इन्व्हर्टर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कमाल मर्यादेवर बसतो. दुसरा सापळा तापमानाचा: तिथे पॅनेलचं तापमान लागतं, हवेचं नाही. हवेचं दिलं तर उत्पादन दहा टक्क्यांनी फुगतं आणि आलेख दिसायला अगदी बरोबर असतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

तपासणी: रात्री उत्पादन शून्य. वर्षाला किलोवॅटमागे साधारण १,३०० ते १,५०० युनिट. जुलै–ऑगस्ट एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास. आलेख टेबलासारखा सपाट दिसला तर प्रारणाचं एकक पाहा.

## ६. लोड: नेट मीटरचा हिशेब आधी उलगडा

ज्या ग्राहकाकडे सोलर आहे त्याच्या मीटरवर दिसतं ते लोड नसतं. सोलर वजा होऊन उरलेलं ते असतं. तेच आकडे लोड म्हणून टाकून वर सोलरचं मॉडेल जोडलं, की सोलर दोनदा वजा होतं आणि उलटा प्रवाह भरमसाट दिसतो. डीटीसी मीटरच्या नोंदीचंही तेच. तिच्यात जोडलेल्या सगळ्या सोलरचा परिणाम आधीच मिसळलेला असतो.

खरं लोड = आयात − निर्यात + सोलर उत्पादन. तिन्ही त्याच १५ किंवा ३० मिनिटांच्या खंडातले हवेत. महिन्याच्या बिलावरून हा हिशेब करता येत नाही. बिलात दुपारची निर्यात आणि रात्रीची आयात एकमेकांत मिटलेली असतात. उत्पादनाची नोंद नसेल तर टप्पा ५ चं मॉडेल वापरून ते मिळवा, पण सोलर सुरू झाल्याच्या तारखेनंतरच.

तपासणी: उलगडलेलं लोड कोणत्याही खंडात ऋण आलं तर थांबा. घर ऋण वीज वापरत नाही. बहुतेक वेळा घड्याळ सरकलेलं असतं, कधी एमएफ.

लोड वाटताना विविधता गुणक लावायचाच. पन्नास घरांचे गीझर एकाच क्षणी चालत नाहीत. सोलरला मात्र हा गुणक लावू नका. तीनशे मीटरच्या गल्लीवर ढग येतो तो सगळ्यांवर येतो आणि हटतो तोही सगळ्यांवरून. काही किलोमीटर पसरलेल्या २२ केव्ही वाहिनीसाठी थोडी सूट मान्य आहे, एका डीटीसीसाठी अजिबात नाही.

रिॲक्टिव्ह भार (मोटरच्या चुंबकत्वासाठी लागणारा, केव्हीएआरमध्ये मोजला जाणारा) विसरू नका. इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरवर चालत असेल तर तो किलोवॅट उचलतो आणि पंप-लिफ्टचे केव्हीएआर डीटीसीवर तसेच राहतात. दुपारी डीटीसीचा पॉवर फॅक्टर ढासळलेला दिसला तर ते बिघाडाचं लक्षण नाही, हाच त्याचा अर्थ.

ओपनडीएसएसमध्ये लोडची व्होल्टेज मर्यादा मुळात ०.९५ ते १.०५ पर युनिट (ठरलेल्या व्होल्टेजच्या पटीत) असते. त्याबाहेर गेल्यावर तो लोड गुपचूप स्थिर इम्पिडन्सचा होतो. आपण तपासत असतो नेमकं १.०५ च्या वरचं. प्रत्येक लोडची वरची मर्यादा १.१५ करून ठेवा.

## ७. उद्याचं सोलर कुठे आणि किती

आजचं सोलर माहीत असतं, उद्याचं नाही. इथे एक गोष्ट मदतीला येते. पीएम सूर्यघर योजनेत घराला मिळणारं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांवर थांबतं. त्यामुळे नवे घरगुती संच ३ किलोवॅटपाशी गोळा होतात. ५४०–५५० वॅटचे सहा पॅनेल लावले की ३.२४ ते ३.३. भविष्यातल्या घरांना हाच आकार द्या. सोसायटीच्या सामायिक मीटरसाठी गच्चीचं मोकळं क्षेत्रफळ घ्या, किलोवॅटला साधारण १० चौमी. सावलीचा भाग आधी वजा करा.

जागा आणि फेज चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडा आणि हे किमान शंभर वेळा करा. १० टक्के घरांपासून सुरुवात करून १० च्या पायरीने वाढवा. प्रत्येक पायरीला शंभरपैकी किती वेळा सीमा ओलांडली ते नोंदवा. 'या डीटीसीला १८० किलोवॅट चालतील' असा एकच आकडा देऊ नका. पहिल्यांदा सीमा ओलांडली तो आकडा आणि निम्म्या वेळा ओलांडली तो आकडा, दोन्ही द्या. या दोहोंतलं अंतर मोठं असेल तर खरा प्रश्न फेजवाटणीचा आहे, केबलचा नाही.

## ८. कोणता दिवस चालवायचा

मे महिन्यात ऊन कडक म्हणून बहुतेक जण मे घेतात. मेमध्ये एसी आणि पंखे दुपारभर चालतात, सोलर जागेवरच खपतं. धोका जानेवारी–फेब्रुवारीत: आकाश स्वच्छ, हवा गार, एसी बंद.

वार कोणता, ते वस्तीवर अवलंबून. नोकरदारांच्या रहिवासी भागात दुपारचं सर्वांत कमी लोड कामाच्या दिवशी सापडतं, रविवारी सगळे घरी असतात. वाशीच्या बाजारपेठेत किंवा कार्यालयांच्या पट्ट्यात उलट. तिथे २६ जानेवारीसारखा सुट्टीचा, निरभ्र दिवस घ्या. वागळे इस्टेट किंवा टीटीसी औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टीचा वार गाळ्यांमध्ये विचारून घ्या, रविवार गृहीत धरू नका. शक्य असेल तर वर्षभराच्या उलगडलेल्या लोडमधून सकाळी ११ ते दुपारी ३ मधले सर्वांत कमी दहा खंड काढा आणि तेच चालवा.

या दिवसाबरोबर संध्याकाळी ८ ते १० ची कमाल लोडची वेळही चालवा. तिचं काम टप्पा १० मध्ये कळेल.

मॉडेलमध्ये इन्व्हर्टरचं बंद पडणंही घाला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी नियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की दोन सेकंदांच्या आत सुटावं लागतं आणि व्होल्टेज किमान ६० सेकंद स्थिर राहिल्यावरच परत जोडता येतं. इन्व्हर्टर २३० व्होल्ट पाया धरून सेट केलेला असेल तर ११० टक्के म्हणजे २५३. २५४.४ ची सीमा यायच्या आधीच तो सुटतो. मग मॉडेल सांगतं 'सीमेच्या आत', ग्राहक सांगतो 'दुपारी सोलर बंद', आणि दोघंही खरं बोलत असतात.

## ९. फील्डशी ताडून पहा

निरभ्र दिवशी १२ ते २ आणि त्याच दिवशी रात्री ८ ते १०, अशा दोन वेळा डीटीसीवर आणि सर्वांत लांबच्या मिनीपिलरवर प्रत्येक फेजचं व्होल्टेज मोजून घ्या. मॉडेल आणि मोजमाप यांत १ ते २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. दोन्ही वेळांना फरक सारखा आणि एकाच दिशेने असेल तर टॅप किंवा २२ केव्हीचं व्होल्टेज चुकलं आहे. फक्त दुपारी असेल तर सोलर किंवा फेजवाटणी. फक्त रात्री असेल तर केबलची लांबी किंवा आकार.

इशारा: टाँग टेस्टर (केबलभोवती अडकवायचा करंट मीटर) करंट किती ते सांगतो, कोणत्या दिशेने ते सांगत नाही. दुपारी केबलवर ४० अँपिअर दिसले म्हणजे लोड आहेच असं नाही. ते वर जाणारे ४० असू शकतात. दिशेसाठी डीटीसी मीटरचं निर्यातीचं रजिस्टर पहा. काही जुने मीटर उलटा प्रवाहसुद्धा आयातीतच मोजतात. त्या डीटीसीच्या लोड सर्व्हेत दुपारी एक विचित्र उंचवटा दिसतो, शेजारी सकाळी आणि दुपारनंतर शून्याला टेकणाऱ्या दोन खळग्यांसह. तो उंचवटा खालून आरशात उलटल्यासारखी निर्यात असते.

## १०. सीमा ओलांडली तर, या क्रमाने

आधी फेजवाटणी. टप्पा ३ मधले आरवरचे २० किलोवॅट तिन्ही फेजवर वाटले तर १२ व्होल्टचा चढ १.४ व्होल्टवर येतो. खर्च म्हणजे जनमित्राचे काही तास. हा उपाय मॉडेलमध्ये चालवून न पाहता केबल बदलण्याची शिफारस करणाऱ्या अहवालावर सही करू नये.

मग टॅप. एक घाट खाली म्हणजे सगळ्या गल्लीवर सहा व्होल्ट कमी. हा टॅप भार काढूनच बदलता येतो, त्यामुळे दुपारी एक, रात्री दुसरा असं करता येत नाही. म्हणून टप्पा ८ मधली रात्रीची वेळ. टॅप उतरवल्यावरही शेवटच्या घराला रात्री २२५.६ च्या (२४० वजा ६ टक्के) वर मिळत असेल तरच तो उतरवा.

मग इन्व्हर्टरचं रिॲक्टिव्ह नियंत्रण. याकडून फार अपेक्षा ठेवू नका. १८५ चौमिमी केबलमध्ये रोध रिॲक्टन्सच्या जवळजवळ पावणेतीनपट असतो. त्या गल्लीतले ६० किलोवॅट ०.९५ पॉवर फॅक्टरने सुमारे २० केव्हीएआर ओढायला लागले, तर केबल आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एक व्होल्टसुद्धा खाली येत नाही. सगळ्या डीटीसीवरचे इन्व्हर्टर एकत्र करू लागले तर परिणाम वाढतो, पण त्यासाठी प्रत्येकाच्या केव्हीएमध्ये जागा हवी; ६० किलोवॅटला ६३ केव्हीए लागतात.

शेवटी केबल. १८५ ऐवजी ३०० चौमिमी टाकली तर फेजचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी आणि न्यूट्रलचा ३५ टक्क्यांनी कमी होतो. रस्ता खोदण्याची परवानगी पावसाळ्याच्या आत मिळते का, ते आधी महापालिकेत विचारा आणि शिफारशीत ती तारीख लिहा.